पैलवान रग्गड, वस्ताद कुठायत?

आपल्या सांगली-साताऱ्यात जुना पैलवान शोधायला लांब जावं लागत नाही. शिराळा, वाळवा, खानापूर, कराड, माण, कुठल्याही तालुक्यात जावा, गावात चार तरी कान मोडलेली माणसं भेटतीलच. कुणी डेअरीला दूध घालतोय, कुणी उसाच्या टोळ्या बघतोय, कुणी सोसायटीत वॉचमन. वीस-वीस वर्षं कुस्त्यांच्या इनामावर घर चालवलेली ही माणसं. आणि त्याच गावाशेजारच्या कॉलेजात पोरं कुस्ती खेळतात, पण त्यांना शिकवायला कुणी नाही. या दोन गोष्टींची गाठ कुणी का घालत नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझी पुतणी बी.ए.ला आहे, कुस्ती करते. गेल्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी तिच्यासोबत गेलो होतो. कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर सर आले होते. भला माणूस. फॉर्म, ओळखपत्रं, प्रवासाची बिलं, सगळं चोख. पण त्यांचं आयुष्य गेलं क्रिकेटमध्ये. पोरगी 1-0 ने पुढं होती. दुसऱ्या फेरीत तिचा पाय मॅटबाहेर गेला, समोरचीला एक गुण, 1-1. तिला वाटलं बरोबरी झाली, आता सावध खेळायचं. हात धरून उभी राहिली. गुण असे समसमान असले की शेवटचा गुण ज्याचा, त्याला विजय मिळतो. हे तिला कोपऱ्यातनं ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. खुर्चीवर सर होते, त्यांनाही हा नियम ठाऊक नव्हता. वेळ संपली, पंचांनी समोरचीचा हात वर केला. पोरगी गाडीत कराडपर्यंत एक शब्द बोलली नाही.

यात सरांना दोष कशाला द्यायचा? एका माणसानं कबड्डी, व्हॉलिबॉल, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ आणि कुस्ती सगळं बघायचं म्हटल्यावर असंच होणार. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल असतं, आपलं नव्हे, त्यांचं हातात चेंडू घेऊन पळायचं. तिथल्या मोठ्या संघात लांबून फेकलेला चेंडू झेलणाऱ्या पोरांना शिकवायला वेगळा पगारी कोच असतो. बाकीच्यांना वेगळे. व्यावसायिक खेळून निवृत्त झालेली कितीतरी माणसं या नोकरीत शिरतात आणि तिथंच केस पांढरे करतात. एवढा पैसा आपल्याकडं नाही, कबूल. पण एका खेळाला एक माणूस?

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आठवा. 1960 ला हिंदकेसरी, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदक, 1964 ला टोकियो ऑलिंपिक. एवढं झाल्यावर माणूस सत्कार घेत फिरला असता तरी चाललं असतं. आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले आणि पुढची कित्येक दशकं पोरं घडवत राहिले. 1970 आणि 71, सलग दोन वर्षं महाराष्ट्र केसरी झालेले दादू चौगुले त्यांच्याच हाताखालचे. 2018 ला आंदळकर गेले तेव्हा लोकांनी हिंदकेसरीपेक्षा वस्ताद गेला म्हणूनच जास्त हळहळ केली, असं मला वाटतं.

दिल्लीच्या सतपालचंही बघा. 1982 च्या आशियाई स्पर्धेतला सुवर्णविजेता. कुस्ती थांबल्यावर तो छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं तयार करायला लागला. तिथनंच सुशीलकुमार आला, योगेश्वर दत्त आला, रवी दहिया आला. तिघंही ऑलिंपिक पदकवाले. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं, त्यानंतर देशाला कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक पदक मिळायला 2008 उजाडलं, आणि ते आणलं सतपालच्या चेल्यानं. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. एका कॉलेजच्या प्राचार्यानं! आज घर गहाण टाका असं कोण म्हणतंय?

सगळेच जुने पैलवान चांगले वस्ताद होतात असंही नाही बरं का. काहींना दुसऱ्याच्या अंगाची चण कळत नाही. स्वतःचा हुकमी डाव सगळ्यांच्या गळ्यात मारतात, मग पोरगं पन्नास किलोचं असो नाहीतर शंभरचं. मातीतल्या माणसाला मॅटचे गुण-नियम नव्यानं शिकावे लागतात. पण ते शिकता येतं. पतियाळाच्या एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, कॉलेजनं खर्च करून एकाला पाठवावं. कायम नोकरीला पदवी, नेट-सेट लागते म्हणून हात झटकू नका. तासावर, मानधनावर ठेवा. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला आणि साऊंडला जेवढं जातं, त्यात एका माणसाचं वर्ष निघेल.

2023 ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. तेव्हापासनं आमच्या भागात पोरी आखाड्यात यायला लागल्यात. त्यांना कोपऱ्यात माणूस पाहिजे, तोही जबाबदार. त्यामुळं नेमताना चौकशी करूनच नेमा, आणि जमलं तर एखादी जुनी खेळाडू बाईच बघा.

प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तुमच्या ओळखीचं कुणी त्यात असेल तर पुढच्या बैठकीला हा विषय घ्यायला लावा. आमच्या बाजूच्या दोन कॉलेजांना मी पत्र दिलंय. गावातल्या एका जुन्या पैलवानाला विचारून ठेवलंय, तो म्हणाला, "आठवड्यातनं चार दिवस सकाळी येतो, धार काढून झाली की." कॉलेजांचं उत्तर आलं की इथं टाकतो.