साबणाच्या पडद्यातला काळा रंग

साबणाच्या फुग्यातले रंग सगळ्यांनीच पाहिलेत. पण त्यातला काळा पाहिलाय? मी पाहिला, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय!

भांडी घासायचं लिक्विड, पाणी आणि थोडं ग्लिसरीन. तारेची चौकट त्यात बुडवून उभी धरायची. मागे काळं कापड, समोरून खिडकीचा उजेड. थोड्या वेळात वरून फिकट गुलाबी-हिरवे आडवे पट्टे उतरू लागतात. मग रंग चढतो! मोरपंखी, किरमिजी, सोनेरी, शेवटी रुपेरी. आणि रुपेरीच्याही वर चक्क काळा! वाटतं, फाटला पडदा. छे, शाबूत असतो. फक्त तिथे तो ३० नॅनोमीटरहूनही पातळ झालेला असतो, माणसाच्या केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी.

कारण तर त्याहून भन्नाट. प्रकाशाची एक लाट पडद्याच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतते, दुसरी मागच्यावरून. शीर्षावर शीर्ष आलं की तो रंग उजळतो, शीर्षावर दरी आली की पुसला जातो. हेच व्यतिकरण. म्हणजे रंग साबणाचे नाहीतच, जाडीचे आहेत! पाणी निथळतं, जाडी घटते, म्हणून पट्टे सरकतात. त्यात पुढून परतणारी लाट उलटी होऊन येते, मागची होत नाही. पडदा अतिपातळ झाला की दोघींच्या वाटेत फरकच उरत नाही. एक उलटी, एक सुलटी. सगळेच रंग खोडले जातात. प्रकाशात प्रकाश मिळवला आणि उत्तर आलं काळोख! न्यूटनने फुग्यावरचे हे काळे ठिपके १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये नोंदवले होते. पातळ पडद्यांच्या रंगांचा लाटांच्या मिलाफातून उलगडा थॉमस यंगने १८०१मध्ये मांडला.

आता खोलीत अंधार करा आणि स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ धरा. ज्योत पिवळीधमक होते. तिचं प्रतिबिंब पडद्यात पाहा: सगळे रंग गायब, उरतात नुसत्या पिवळ्या-काळ्या रेघा! सोडियमच्या या उजेडाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, म्हणून एका पिवळ्या रेघेपासून पुढच्या पिवळ्या रेघेपर्यंत जाडी सुमारे २२१ नॅनोमीटरने बदलते. रेघा मोजा, जाडीतला फरक हाती येतो. सूक्ष्मदर्शक नाही, काही नाही, नुसते डोळे!

घरात मुलं असतील तर ज्योत मोठ्यांनी सांभाळा, चौकट मात्र त्यांच्याच हातात द्या. आणि काळा पट्टा येईपर्यंत पंखा बंद ठेवा.