‘नेट नाही’ या वाक्याचा अन्वय

‘नेट नाही’ हे आजच्या घराघरांतले बहुधा सर्वांत छोटे आणि सर्वांत संदिग्ध विधान असावे. कोणाकडे नाही, ते कुठवर आले होते आणि कुठे अडले, यांपैकी कशाचाच उलगडा त्यातून होत नाही. सेट-टॉप बॉक्स पडद्यावर जो इंग्रजी संदेश उमटवतो, तोही याहून अधिक काही सांगत नाही. साहित्याच्या वर्गात असे मोघम विधान कोणी केले, तर आपण त्याला ‘स्पष्ट करा’ म्हणतो. यंत्राला तसे म्हणण्याची सोय नसते. त्याचा अन्वय आपल्यालाच लावावा लागतो.

पूर्वी हा अन्वय सोपा होता. छपरावरच्या अँटेनाच्या काळी पडद्यावर मुंग्या आल्या की घरातले कोणी तरी वर चढून दांडा फिरवी आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असा पुकारा होई. पुढे छत्री आली. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात आभाळ भरून आले की चित्र गोठे. उपग्रहाकडून येणाऱ्या त्या लहरींची वारंवारिता दहा गिगाहर्ट्झच्या वर असते आणि जोराच्या पावसात त्या क्षीण होतात. दोष आभाळात होता. पाऊस ओसरला की तोही ओसरे. इंटरनेटवर चालणाऱ्या बॉक्सने मात्र हा दोष घरात आणून ठेवला, आणि घरातला दोष शोधणे नेहमीच अधिक अवघड असते.

माझी मावशी सांगलीत राहते. निवृत्त शिक्षिका आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला तो याच गावी, आणि नाटक हा इथल्या कित्येकांप्रमाणे तिच्याही रक्तातला भाग आहे. गुडघ्यांमुळे रात्रीच्या प्रयोगांना जाणे बंद झाल्यापासून जुन्या नाटकांची चित्रमुद्रणे ती या बॉक्सवर पाहते. एका उन्हाळ्यात ती थांबली. ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवर तिला सांगण्यात आले की बॉक्स निकामी झाला आहे, नवा घ्या. पैशांपेक्षाही तिला बोचले ते वेगळेच. “मला काही विचारलंच नाही गं,” ती म्हणाली. “नुसता निकाल सांगितला.”

मी साताऱ्यात, ती सांगलीत. मध्ये सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर आणि हातात केवळ फोन. अशा वेळी मला पाठचिकित्सेचे शास्त्र आठवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी पद्धत रुजवली, तिचे एक साधे सूत्र असे, की अनेक पोथ्यांत एकच चूक आढळली तर ती बहुधा त्यांच्या समान पूर्वज पोथीतली असते. एकाच पोथीत आढळली तर ती त्या शाखेतली, तिच्या लेखनिकाची. घरातले जाळेही असेच आहे. बाहेरून येणारी तार राउटरपाशी पोचते, तिथून शाखा फुटतात, एक मोबाइलकडे, एक बॉक्सकडे. दोन्ही बंद असतील तर दोष शाखा फुटण्यापूर्वीचा. एकच बंद असेल तर नंतरचा.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारला. “मावशी, मोबाइलचा डेटा बंद कर आणि राउटरशेजारी उभी राहून वाय-फायवर काही उघडतं का बघ.” उघडले. म्हणजे तार निर्दोष, राउटरही निर्दोष. दुसरा प्रश्न बॉक्सच्या सेटिंगमधल्या आयपी पत्त्याचा. तिने आकडे शाळेतल्या हजेरीसारखे एकेक करून वाचले : एकशे एकोणसत्तर, दोनशे चौपन्न... हे आकडे बोलके असतात. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की यंत्र स्वतःच स्वतःला असा तात्पुरता पत्ता देते. एरवी घरात बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तिसरी परीक्षा अशी, की शेजारच्या मुलाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बॉक्सजवळ ठेवून पाहिला. बॉक्स तत्काळ चालू झाला! निकामी ठरवलेला आरोपी निर्दोष सुटला.

उरली मधली वाट. राउटर सोप्यात, टीव्ही मात्र गारव्यासाठी त्याच चैत्रात माजघरात हलवलेला, आणि मध्ये जुनी दगडी भिंत. राउटर दोन वारंवारितांवर बोलतो. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हतबल होणारी, २.४ची संथ, पण चिवट. बॉक्स सवयीने वेगवान जाळ्यालाच चिकटून बसला होता. रिमोटने एकेक अक्षर टिपत तिने दुसऱ्या जाळ्याचा सांकेतिक शब्द भरला आणि नाटकाचा पडदा वर गेला. “म्हणजे घरातल्या घरातच निरोप पोचत नव्हता होय!” एवढेच ती म्हणाली.

या साऱ्यात तांत्रिक ज्ञानाचा भाग थोडाच होता. खरा भाग होता तो प्रश्नांच्या क्रमाचा, आणि उत्तर देणारी व्यक्ती पाहू शकते, वाचू शकते, सांगू शकते या विश्वासाचा. दिव्यांचा रंग, आकडे, भिंतीची जाडी हे सारे ती मराठीत उत्तम सांगू शकत होती. तिला तसे विचारणारे कोणी नव्हते एवढेच. आपल्याकडे वृद्धांना ‘यंत्रातलं कळत नाही’ असे सहज म्हटले जाते. बऱ्याचदा त्यांना यंत्र अनाकलनीय नसते. त्याविषयी बोलण्याची भाषा कोणी त्यांच्यापर्यंत आणलेली नसते.

तुटण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजताच घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायचे. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. या उपक्रमाचे कौतुक करताना एक भेद मात्र विसरू नये. वडगावकरांच्या घरातही त्या दीड तासात ‘नेट नाही’ असेच म्हणता आले असते. पण तिथे त्या वाक्याला कर्ता होता, कारण होते आणि साडेआठनंतरचा शेवटही ठाऊक होता. जो मिटवणे जाणतो आणि उघडणेही जाणतो, त्याचा संयम हा संयम असतो. ज्याला दोष कुठे आहे हेच उमगू दिले जात नाही, त्याच्या वाट्याला केवळ अंधारलेला पडदा येतो, आणि वर नवा बॉक्स घेण्याचा सल्ला.