वर्ग करणे

मराठी वर्तमानपत्रात ‘वर्ग करणे’ हे क्रियापद रोज भेटतं. अनुदान शेतकऱ्यांच्या खात्यात वर्ग झालं. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात आला. गणितात तीनचा वर्ग केला की नऊ होतात; कचेरीत तीन रुपये वर्ग केले तरी तीनच राहतात. वस्तू तीच, फक्त वहीतला रकाना बदलतो.

मी डेटाबेसवर काम करतो. तिथेही तसंच. ओळ जागेवर असते, एका कॉलममधली नोंद बदलते. पण पुढचा सगळा प्रोग्रॅम त्या कॉलमकडे बघूनच ठरवतो, या ओळीला काय द्यायचं आणि काय नाही. ओळीला कुणी विचारत नाही.

आमच्या घरात हा शब्द जमिनीमुळे आला. पणजोबांचा तुकडा महार वतनाचा, दप्तरी ‘इनाम वर्ग 6 ब’. वतन म्हणजे जमिनीच्या बदल्यात सरकारची आणि गावाची पडतील ती कामं, पिढ्यान्‌पिढ्या. ही वेठ संपवण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. वतनं रद्द करणारा कायदा आला तो 1958 साली. पुढे जमीन आमच्याकडे राहिली, पण सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ म्हणून. म्हणजे कसा, पेरा, पण विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. शेजारच्या बांधापलीकडे तीच माती, तोच पाऊस, वर्ग 1. आजोबा म्हणायचे, “वतन गेलं, वर्ग राहिला.”

याच माणसांनी मधल्या काळात स्वतःला मात्र बदलून घेतलं होतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या घरानेही. आजी ‘आमचं धर्मांतर झालं’ असं कधी म्हणत नाही. “आम्ही दीक्षा घेतली,” म्हणते. त्या वाक्यात कर्ता ठळक आहे. ‘वर्ग करण्यात आले’ मध्ये तो शोधून सापडत नाही.

सरकारी रकाना मात्र आजीच्या व्याकरणाने चालला नाही. 1950च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्राने आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध धरले गेले ते 1990 साली. 34 वर्षं. धर्म सोडला म्हणून गावातली वागणूक बदलली नव्हती. कागदावर तेवढी जात पुसली गेली होती. ज्या बदलाचा कर्ता माणूस स्वतः असतो, तो वहीत यायला किती वेळ लागतो, याचं हे माप.

आता वडिलांनी जमीन वर्ग 1 करण्यासाठी अर्ज केला आहे. 2019च्या नियमांत दुसऱ्या प्रकारच्या वर्ग 2 जमिनींसाठी याला ‘रूपांतरण’ म्हटलंय. आमच्या फायलीवर काय म्हणतील माहीत नाही. शेताचं रूप काही बदलणार नाही. बांधावरची बाभूळ आहे तिथेच राहील. मुलीच्या शिक्षणासाठी तारण ठेवायची वेळ आली, तर बँकेत साहेब खुर्ची देईल, एवढाच फरक. आणि तो लहान नाही.

मी ऑनलाइन बघून सांगतो, “प्रलंबित दाखवतंय.” वडिलांना ते उत्तर पुरत नाही. ते दर वेळी एकच विचारतात, “कुणाच्या टेबलावर?”

त्यांना कर्ता हवा आहे.