वैशाखातला मसाला, दसऱ्यानंतरचा रस्सा

वरसेच्या आमच्या घरात मटण शिजायचं दसऱ्यानंतर, पण त्याची तयारी वैशाखात सुरू व्हायची. परीक्षा संपल्या की आम्ही सगळी चुलत-आते भावंडं चटईभोवती बसून मिरच्यांचे देठ खुडायचो. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी; प्रमाण मोठ्या काकीच्या हाती. उन्हात कडकडीत झालेल्या मिरच्या कढईत पडल्या की अशी खाट उठायची, की शेजारच्या घरातूनही खोकल्याचे आवाज यायचे. धणे, दगडफूल, नागकेशर, हळकुंडं, सगळं वेगवेगळं भाजायचं. खसखस करपली तर वर्षाचा मसाला कडू. मग डबे घेऊन रोह्यात डंकावर रांग. दळून आणलेला मसाला गार करून चिनीमातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. आम्हाला त्या बरणीला हात लावायची परवानगी नव्हती.

नवरात्रभर घरात मांस-मासळी बंद. दसरा झाला, रोह्याच्या ग्रामदैवताची, धाविर महाराजांची पालखी निघाली, पोलिसांची सशस्त्र मानवंदना डोळे भरून पाहून आम्ही घरी परतलो, की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मटण ठरलेलं. वडील आणि काका धाटावच्या एमआयडीसीत पाळीने जायचे. तो रविवार सगळ्यांना सुट्टीचा मिळावा म्हणून आजी आधीपासून विचारत राहायची.

किलोभर मटण आणि आम्ही अकरा माणसं. म्हणून बटाटे अर्धे चिरून पडायचे, आणि रस्सा पातळ व्हायचा. तरीही इतकी चव कुठून यायची? माझं उत्तर आहे, वाटपातून. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट निखाऱ्यावर काळी होईतो भाजायची, कांदे सालासकट राखेत पुरायचे, मग पाट्यावर आत्या बसायची. वरवंट्याची घरघर थांबली की आजी म्हणायची, “अजून एक हात फिरव गं.” टोपावर पाणी भरलेलं ताट झाकलेलं असे, तेच तापलेलं पाणी मटणात जायचं. गार पाणी ओतलं की मटण निबर होतं, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होतं. जेवताना तांदळाची भाकरी आणि नळीवरून भांडणं. नळी शेवटी आजारातून उठलेल्याच्या ताटात जायची.

ज्या मिरचीवर हे सगळं उभं होतं, ती आपली नव्हे, हे मला खूप उशिरा कळलं. पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. मिरची अमेरिकेतून त्यांच्या गलबतांनी या किनाऱ्यावर आली, आणि आमची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याला त्यांचा किल्ला होता. नेमकी कुठल्या बंदरात ती उतरली कोण जाणे, पण आमच्या नदीच्या तोंडाशीही तिचा वास आला असेल, या विचाराने मी हरखून गेले. तिकडे मेक्सिकोत, युकातानमध्ये, माया घरांत आजही मिरच्या पार कोळसा होईतो जाळतात आणि त्या काळ्या वाटपात टर्कीचा रस्सा करतात. तो धूर इतका झोंबतो की हे काम उघड्यावरच करावं लागतं. वाचताना मला थेट आमचं अंगण दिसलं.

चूल गेली, पाटा मागच्या दारी पडून आहे. आता मसाला आम्ही पाच बहिणी मिळून करतो आणि डोंबिवली, पनवेल, पुणे अशी वाटणी होते. मिक्सरमधलं वाटप बारीक होतं, पण त्याला तेल सुटत नाही. पाट्यावरच्या वाटपाला सुटायचं. कुकरच्या शिट्ट्यांत ताटातलं पाणीही गेलं.

आजी सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तेव्हा टोपात बटाटाही उरलेला नसे. ती भाकरीचा तुकडा घेऊन टोपाच्या कडेला धरलेला लाल-काळा थर हळूहळू पुसून घ्यायची, आणि आमच्यापैकी जो जवळ असेल त्याच्या तोंडात पहिला घास जायचा.