शेंड्यापासून किती इंच?

ऑक्टोबरात टोरांटोला लेकीकडे पोचले, तेव्हा तिच्या गॅलरीतल्या तुळशीचे शेवटचे दिवस चालले होते. उन्हाळाभर ती चांगली डवरली होती. एका रात्री दव गोठलं आणि सकाळी पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून देठाला चिकटली. लेक म्हणाली, "आई, दर वर्षी असंच होतं. मे महिन्यात नवीन रोप आणते." मला ते पटेना. आमच्याकडे साताऱ्याला तुळस लावावी लागत नाही, वृंदावनाखालच्या फरशीच्या फटीतून आपली आपण उगवते. मी वाळक्या मंजिऱ्या तळहातावर चुरल्या, हलकी फुंकर मारून भुसा उडवला आणि उरलेलं मोहरीहून बारीक बी वाटीत ठेवलं. हिवाळ्यात घरातच रोपं करायची असं मनाशी ठरवलं.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. टोरांटोचा अक्षांश ४३ अंशांच्या पुढे, साताऱ्याचा १८ च्या आत, हे मला पाठ होतं. डिसेंबरात इथला दिवस नऊ तासांचाही भरत नाही आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो, हे फळ्यावर आकृती काढून सांगता आलं असतं. पण त्या आकृतीतली तिरपी किरणं म्हणजे नेमकं काय, ते उत्तरेकडे तोंड असलेल्या या घरात राहिल्यावर कळलं. खोलीत उजेड असतो, ऊन नसतं. आमच्या बोलण्यात हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि रोपाच्या दृष्टीनंही ते तितकेच वेगळे आहेत.

जावयांनी दिवा मागवला. एलईडीचा चौकोनी पॅनेल, साधारण फूटभर रुंद, पांढऱ्या ठिपक्यांत मधूनमधून लाल ठिपके. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १००० हा आकडा होता. आतल्या कागदावर बारीक अक्षरांत खरी वीज लिहिली होती, १०० वॉट. तो मोठा आकडा जुन्या दिव्यांशी केलेल्या तुलनेचा, दिवा ओढतो ती वीज वेगळी, असं जावयांनी समजावलं. तेव्हा मी मान हलवली, पण या दोन आकड्यांतला फरक पुढे किती कामाला येईल याची कल्पना नव्हती.

लोखंडी रॅकच्या खालच्या फळीवर मातीचा ट्रे ठेवला. तुळशीबरोबर मिरचीचंही बी टाकलं. दिवा लावला तर डोळे दिपले. इतक्या प्रखर दिव्याखाली कोवळे कोंब करपतील या भीतीनं मी तो रॅकच्या वरच्या दांडीला बांधला, ट्रेपासून ४२ इंच वर. खोली लखलखीत दिसत होती, आणि एवढं पुरेसं आहे असं मला मनापासून वाटलं.

नवव्या दिवशी तुळस उगवली. तुळशीच्या लग्नाला ट्रेमध्ये दोन-दोन पानांची रोपं होती, नातीनं त्यांच्यापुढेच अंतरपाट धरला. मंगलाष्टकं म्हणताना माझं लक्ष मात्र त्या देठांकडे जात होतं. देठ दोऱ्यासारखे बारीक, पांढुरके, बोटभर लांब झाले होते आणि माना टाकत होते. गावाकडे गर्दीत पडलेल्या भाताच्या तरव्यात मधली रोपं अशी उंच आणि किडकिडीत होतात. उजेड शोधत धावलेलं रोप मी ओळखते. पण इथे तर डोक्यावर डोळे दिपवणारा दिवा होता! मग हे शोधत होते तरी काय?

विचारायला सुरुवात केली आणि जास्तच गोंधळले. दिव्याबरोबरचा कागद म्हणे, रोपांसाठी २४ इंच. लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं, चार इंच, तिची कोथिंबीर तशीच वाढते. शेजारच्या आजी म्हणाल्या, वीतभर. कुणी म्हणालं, रोपाच्या उंचीवर हाताची पाठ अर्धा मिनिट धरा, चटका बसला नाही तर अंतर बरोबर. ही शेवटची रीत मला आपली वाटली. तव्याचा ताव हातानंच बघतो ना आपण. दिवा सहा इंचांवर आणला, हात धरला, जेमतेम कोमट लागला. निश्चिंत होऊन झोपले.

चार दिवसांत उरलेल्या रोपांपैकी ट्रेच्या मधली पानं वरून फिकट पिवळी पडली, कडा वर वळल्या आणि द्रोणासारख्या झाल्या. देठाजवळची, सावलीतली पानं हिरवीच होती. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी पाणी घातलं. त्यानं माती चिखल झाली, बाकी काही नाही. त्या रात्री मला खरंच रडू आलं. आधी उपाशी ठेवली, मग होरपळवली, आणि दोन्ही वेळा दिवा तोच होता, माती तीच होती. बदललं होतं ते फक्त अंतर.

हाताची रीत का फसली ते जावयांनी सांगितलं. एलईडीची उष्णता बहुतेक मागच्या बाजूला, पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून निघून जाते. समोरून येतो तो मुख्यतः प्रकाश. जुन्या तापणाऱ्या दिव्यांना ती रीत ठीक होती, कारण तिथे चटका आणि उजेड बरोबर येत. इथे हाताला फक्त ऊब कळते, प्रकाश कळत नाही. आणि पानाला प्रकाशच सोसला नव्हता. जेवढा पचवता येतो त्याहून जास्त आला की पानातली अन्न तयार करणारी यंत्रणाच मोडू लागते.

डोळ्याचंही तसंच. जावयांनी मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप टाकून दिलं. घरातली खोली, जिथे आपण आरामात पेपर वाचतो, तिथे १५० ते ३०० लक्स. भर उन्हात बाहेर एक लाखाच्या आसपास. मधे तीनशे पटींहून जास्त फरक, आणि आपल्या डोळ्याला तो जाणवतच नाही, कारण बाहुली लहान-मोठी होते आणि डोळा सगळं सारखं करून घेतो. तीस वर्षं ऊन-सावलीवर शिकवलं, पण ही गोष्ट मला कधी भिडली नव्हती. ४२ इंचांवर, जिथे मला लखलखाट वाटला होता, तिथे आकडा आला ५,०००. उन्हाचा विसावा हिस्सा. सहा इंचांवर ७०,००० च्या वर, तेही पहिल्या दोन पानांच्या बाळांसाठी.

मग मी नातीला बरोबर घेतलं, तिची शाळेची पट्टी घेतली आणि दर सहा इंचांवर आकडे लिहून काढले. मोबाइलचं मोजमाप अगदी काटेकोर नसतं, पण एकाच फोननं, सेन्सर सरळ वर करून मोजलं तर तुलना चांगली होते. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, असा नियम. बॅटरी भिंतीजवळ धरली की लहान गोल पडतो, मागे नेली की तोच उजेड मोठ्या गोलात पसरून फिका होतो. पण आमचं १२ इंचांवर ४०,००० आणि २४ इंचांवर १३,००० आलं, चौथाईपेक्षा बरंच जास्त. नात म्हणाली, "आजी, आपलं चुकलं का?" चुकलं नव्हतं. तो नियम एका बिंदूतून निघणाऱ्या उजेडाचा आहे. पॅनेल फूटभर रुंद आहे, जवळ असताना तो बिंदूसारखा वागत नाही. ट्रेच्या कोपऱ्यांत मात्र मधल्यापेक्षा निम्माच आकडा येत होता. म्हणूनच मधली पानं करपली आणि कोपऱ्यातली बचावली होती.

हे समजलं त्या दुपारी मी बराच वेळ रॅकपुढे बसून राहिले. आयुष्यभर ज्या उन्हात वावरले, त्याला अंतरच नव्हतं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. रोप जमिनीवर असो की चार मजले वर गच्चीत, ऊन तेच. म्हणून शेतात कुणी विचारत नाही की रोप सूर्यापासून किती लांब ठेवायचं. सावली आहे की नाही, एवढंच विचारतात. दिव्याखाली मात्र सूर्य हातभर अंतरावर येतो, आणि मग वीतभर सरकलं तरी ऋतू बदलतो. मला कुणी चार इंच सांगितलं, कुणी चोवीस, ते सगळे आपापल्या परीनं बरोबर होते. चार इंचवालीचा दिवा होता वीस वॉटची नळी, माझा शंभर वॉटचा पॅनेल. दिवा कोणता ते सांगितल्याशिवाय इंचांना काही अर्थच नाही.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, रोपाचं नाही. रोपासाठी मोजतात ते पानावर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ६५ नं भागलं की तो आकडा जवळपास मिळतो (जांभळ्या दिव्यांना हा हिशेब लागू होत नाही, तिथे लक्स पार फसवतं). माझे २४ इंचांवरचे १३,००० म्हणजे सुमारे २००. कोवळ्या रोपांना शंभर ते अडीचशेच्या दरम्यान मानवतं. कागदावरचा आकडा बरोबर होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण माझा विश्वास डोळ्यांवर होता.

पण दिवसभरात एकूण किती मिळालं हेही बघावं लागतं, आणि ते मला महाबळेश्वरच्या पावसावरून समजलं. आम्ही शाळेत पर्जन्यमापक ठेवायचो. एक सर आणि दिवसभराची रिपरिप, दोन्हींचं पाणी बरणीत साठतं आणि संध्याकाळी मिलिमीटर मोजतात. प्रकाशाचंही तसंच. सेकंदाला २०० या वेगानं सोळा तास दिवा लावला की दिवसाचे साडेअकरा मोल भरतात, तुळशीच्या रोपाला सुरुवातीला एवढं पुरतं. तास वाढवून कमी उजेडाची थोडी भरपाई होते. पण ढगफुटीचं पाणी जसं जमिनीत मुरत नाही, माती घेऊन वाहून जातं, तसा अति उजेड कमी तास देऊनही भागत नाही. टायमर लावला, पहाटे पाचला चालू, रात्री नऊला बंद. रोपालाही रात्र हवी असते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बी पेरलं. उरलेल्या लांबट रोपांपैकी तीन नव्या मातीत पहिल्या पानांपर्यंत खोल लावली, त्यातली दोन जगली. या वेळी दिवा साखळीवर टांगला, २४ इंचांवर. चौथं पान फुटल्यावर दर दोन-तीन दिवसांनी एक कडी, म्हणजे इंचभर, खाली. तुळशीला सवय होऊ द्यावी लागते. वरची पानं फिकट दिसली की एक कडी वर, पेरांमधलं अंतर वाढायला लागलं की एक कडी खाली. शेवटी १६ इंचांवर ती खूश झाली. देठ जाड, जांभळट, पेरं आखूड, आणि पानाला हात लावला की तो वास.

इथे माझी आणखी एक चूक. मी अंतर मोजत होते ट्रेपासून. रोप वाढतं, दिवा तिथेच राहतो, आणि पंधरा दिवसांत शेंडा स्वतःहून दिव्याच्या जवळ जाऊन पोचतो. मोजायचं ते शेंड्यापासून. मिरची आणि तुळस वेगवेगळ्या वेगानं वाढली तेव्हा बुटक्या कुंड्यांखाली दह्याचे रिकामे डबे पालथे घातले आणि सगळे शेंडे एका पातळीवर आणले. दर आठवड्याला कुंड्यांच्या जागाही बदलत गेले, कोपऱ्यातली मध्ये, मधली कोपऱ्यात.

जावयांनी एक दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या व्हेजी या यंत्राची चित्रं दाखवली. २०१४ साली ते तिथे बसवलं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी त्यात वाढवलेली लाल पानांची कोशिंबीरभाजी खाल्ली. एलईडीची पाटी वर आणि बाजूंना घडीचा पारदर्शक पडदा. रोपं वाढतील तशी पाटी वर उचलता येते. मला फार बरं वाटलं. तिथेही कुणीतरी हेच अंतर जपत होतं.

मार्चच्या सुरुवातीला माझी परतीची तारीख आली. आदल्या रात्री मी रॅकला एक पांढरा दोरा बांधला, दिव्याच्या कडेपासून खाली सोडलेला, १६ इंचांवर त्याला गाठ मारली. शेंडा गाठीला टेकला की कडी वर घ्यायची, नाहीतर शेंडा खुडायचा. खुडलेली पानं चहात.

परवा लेकीनं व्हिडिओ कॉल केला. इथे अंगणात एप्रिलचं ऊन इतकं की फोन नीट दिसेना, पदराची सावली करून पाहिलं. तुळशीला पहिली मंजिरी आली होती. मागे नात पट्टी घेऊन उभी होती. "आजी, मंजिरीपासून मोजू की पानापासून?"

"सगळ्यात वर जे असेल, तिथून," मी म्हटलं, "आणि एक कडी वर घे."