आम्ही कुणाला हसलो?

२०२० साली आलेला 'शुभ मंगल ज्यादा सावधान' आम्ही सात-आठ कार्यकर्त्यांनी एकत्र बसून पाहिला. अलाहाबादच्या त्रिपाठींचा अमन कार्तिकवर प्रेम करतो आणि घरात धिंगाणा होतो. गाणी, नाच, बापाने पिकवलेला काळा फ्लॉवर! आम्ही पोट धरून हसलो.

मग मते सुरू झाली. "त्रिपाठींच्या घरातली भानगड, आपल्याला काय?" "आधी जातिअंत, मग हे चोचले." एकाने पोरांची नक्कल केली, तेव्हाही आम्ही हसलो. सिनेमा हसतो बापाच्या हट्टाला. आम्ही हसत होतो त्या पोरांना.

आणि आम्ही म्हणे बाबासाहेबांचे अनुयायी! वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य'मध्ये उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते. १९३४ साली कर्व्यांची बाजू कोर्टात कुणी मांडली? बाबासाहेबांनी. खटला हरले, पण ते चोचले म्हणून टाळले नाही. २०१८ च्या कलम ३७७ वरील निकालातही बाबासाहेबांच्या संवैधानिक नैतिकतेचाच आधार आहे.

आमच्यातला एक जण मात्र हसला नव्हता. चहा न घेताच गेला, पुढच्या बैठकीला आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडले, "जयभीम" म्हणाला. आत या, म्हणाला नाही.