पायांकडे पाहताना

मुलुंडहून उभ्याने लोकल, मग दादरचे जिने. पाय त्यानेही थकतात, पण करंगळीवरचं कुरूप निमुळत्या बुटांनीच दिलं. दाब आणि घर्षण थांबलं नाही, तर काढलेलं कुरूपही परत येतं. म्हणून आता रुंद चवड्याचे बूट; रात्री कोमट पाणी, हलक्या हाताने वज्री, वर खोबरेल. ब्लेड कधीच नाही. आईला मधुमेह आहे. तिला कॉर्नकॅपही लावू देत नाही, त्यातल्या सॅलिसिलिक ॲसिडने जखम होऊ शकते.

पायांकडे पाहताना आठवतं, मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेले शेतकरी आमच्या मुलुंडवरून जाणाऱ्या पूर्व द्रुतगती मार्गानेच गेले. सुमारे १८० किलोमीटर! ती सोललेली, रक्ताळलेली पावलं विसरता येत नाहीत. धड चप्पल प्रत्येक कष्टकऱ्याच्या पायात हवीच.

घरात कुणी मधुमेही असेल, तर त्यांचे तळवे रोज उजेडात पाहा; जखम दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.